‘गो अराउंड’बद्दल आमची माफी मागू नका : विमान कंपन्यांना गोव्यातून खुले पत्र

प्रति,
भारतातील प्रवासी विमान कंपन्यांचे उड्डाण विभागप्रमुख
आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आषाढातली गोष्ट. मुंबईहून गोव्याला येणाऱ्या रात्रीच्या विमानात मी खिडकीशी बसले होते. पाऊस असा की पंखाच्या टोकाचा दिवासुद्धा दिसेना. चाके बाहेर आल्याचा आवाज झाला, धावपट्टीच्या कडेचे दिवे पुसट दिसू लागले, आता टेकणार म्हणून मी खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि तेवढ्यात इंजिने गरजली, नाक वर झाले, दिवे खाली राहिले. न उतरता असे पुन्हा वर जाणे, यालाच ‘गो अराउंड’ म्हणतात. आत आरडाओरडा. मागच्या रांगेतले एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, “पायलट नवखा आहे.” शेजारच्याने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केले. पंचवीस मिनिटे आम्ही वर घिरट्या घालत होतो. मग सर ओसरली, विमान उतरले, चाके जरा दणकूनच टेकली. बाहेर पडताना दाराशी उभ्या असलेल्या मुलींशी कोणी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कंपनीचा संदेश आला : आपल्या प्रवासात झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सोबत पुढच्या तिकिटावर सवलतीचे कूपन.

त्याच्या तीन वर्षे आधीचा पावसाळा. कंपनी दुसरी, धावपट्टी कुठली ते सांगत नाही. विमान धावपट्टीवर आले आणि टेकेचना, पिसासारखे तरंगत राहिले. मग इतके अलगद टेकले की कळलेसुद्धा नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या चालू असतानाच ब्रेक असा लागला की पुढच्या खिशातली माझी पाण्याची बाटली उडून खाली पडली. विमान थरथरत, डावी-उजवीकडे डोलत कसेबसे मंदावले आणि अगदी शेवटच्या फाट्यावरून वळले. वळताना खिडकीतून धावपट्टीच्या टोकाचे लाल दिवे दिसले. इतक्या जवळून ते प्रवाशाला दिसायचे कारण नसते. त्याबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही. करणार तरी कशाला, सगळे खूश होते.

म्हणजे जे बरोबर झाले त्याची माफी मागितली गेली आणि जे थोडक्यात निभावले त्याला टाळ्या मिळाल्या. मी शिक्षिका होते. उत्तरपत्रिका अशी उलटी तपासलेली मला बघवत नाही, म्हणून हे पत्र.

माझा संबंध काय, ते आधीच सांगते. फोंड्यात उच्च माध्यमिकाच्या मुलांना मी २९ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. माझी थोरली मुलगी विमान चालवते. उजव्या खुर्चीत बसते, म्हणजे को-पायलट, तुमच्या भाषेत फर्स्ट ऑफिसर. हे पत्र तिला दाखवले. तिने दोन तांत्रिक चुका दुरुस्त केल्या आणि एक वाक्य काढायला लावले. कुठले, ते अर्थातच सांगणार नाही.

आता मूळ मुद्दा. ओल्या धावपट्टीवर ब्रेक लावायचा निर्णय चाके टेकल्यावर होतो असे आम्हा प्रवाशांना वाटते. तो त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो, आणि बऱ्याचदा तो पायलटच्या पायांत नसून तुमच्या कार्यालयात झालेला असतो.

विमान थांबवायची साधने तीन. पंखांवर उभे राहणारे पत्रे, म्हणजे स्पॉयलर : ते पंखांची उचल मोडतात आणि विमानाचे वजन चाकांवर आणतात. इंजिनाचा झोत पुढे वळवणारा रिव्हर्स थ्रस्ट. आणि चाकांचे ब्रेक. हे ब्रेक हल्ली बहुधा आधीच ऑटोब्रेकवर, म्हणजे टेकल्यावर आपोआप लागतील असे, लावून ठेवतात. एअरबस ए-३२० मध्ये त्याच्या पायऱ्या लो, मीडियम, मॅक्स अशा आहेत, बोइंग ७३७ मध्ये १, २, ३ आणि मॅक्स. पायरी जेवढी वरची तेवढा ब्रेक जास्त जोरात दाबला जातो असा समज आहे. ऑटोब्रेक दाब मागत नाही, मंदन मागतो, म्हणजे वेग कमी होण्याचा दर. ए-३२० च्या ‘लो’वर वेग दर सेकंदाला सुमारे १.७ मीटर प्रति सेकंद एवढा कमी व्हायला हवा, ‘मीडियम’वर सुमारे ३. मागणी बटणाची, पुरवठा मात्र धावपट्टीचा. धावपट्टीने घर्षण दिलेच नाही तर बटण काहीही म्हणो.

मंगेशीच्या तळीच्या पायऱ्यांवर श्रावणात शेवाळ धरते. तिथे पाय घसरला की मांड्यांत किती बळ आहे याने काही फरक पडत नाही, दगड काय देतो तेवढेच तुमचे. माझ्या वर्गात घर्षणाचा धडा मी नेहमी याच पायरीवरून सुरू करत असे, आणि पावसाळ्यात सुरू करत असे, कारण तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांचे कोपर सोललेले असत.

साधे गणित करू. विमान सेकंदाला ७० मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटरने टेकले. ३ चे मंदन मिळाले तर ते ८१७ मीटरांत थांबेल. १.७ मिळाले तर १,४४१ मीटर. पाणी साचले आहे, चाके धड पकडत नाहीत आणि मंदन १ एवढेच मिळते आहे असे धरा, तर २,४५० मीटर. रिव्हर्सचा जोर यात धरलेला नाही. आमच्याकडे लोक म्हणतात, मोपाची धावपट्टी साडेतीन हजार मीटर आहे, दाबोळीची त्याहून थोडीच कमी, मग घाबरायचे कशाला? पण टेकायच्या आधीच तेराशे-साडेतेराशे मीटर तरंगत गेले, तर साडेतीन हजारांतून उरतात २,१५०. आणि लागणार आहेत २,४५०. धावपट्टीची लांबी फलकावर लिहिलेली असते, उपयोगाची लांबी टेकल्यावर ठरते. दर सेकंदाच्या तरंगण्याला ७० मीटर जातात.

पाण्यावर टायर तरंगतो त्याचे सूत्रही १९६० च्या दशकापासून जगाला माहीत आहे. अमेरिकेच्या नासाच्या प्रयोगांतून ते आले. टायरमधला दाब पौंड प्रति चौरस इंचात घ्या, त्याचे वर्गमूळ काढा, ९ ने गुणा : तेवढ्या नॉटच्या वर फिरता टायर साचलेल्या पाण्यावर स्वार होऊ शकतो. टायर अजून फिरायला लागलेला नसेल, नुकताच टेकत असेल, तर ९ ऐवजी ७.७. दोनशेच्या आसपास दाब असलेल्या टायरला हे आकडे १२७ आणि १०९ नॉट येतात, म्हणजे ताशी सुमारे २३५ आणि २०२ किलोमीटर. टेकतानाचा वेग त्याहून जास्त. म्हणून ओल्या धावपट्टीवर चाके ठामपणे, जरा दणकूनच टेकवायची असतात. पाण्याचा थर फुटायला हवा, चाके लगेच फिरायला हवीत, स्पॉयलर लगेच उभे राहायला हवेत. अलगद टेकणे हा पावसातला गुण नव्हे. माझ्या त्या टाळ्यांच्या विमानात नेमके उलटे चालले होते.

यंत्रालाही विमान जमिनीवर आले आहे हे पटावे लागते. १४ सप्टेंबर १९९३ ला वॉर्सात एक ए-३२० ओल्या धावपट्टीवर पाठीमागून वारा असताना उतरले. एका बाजूची चाके आधी टेकली, पाण्यावर चाके पुरेशी फिरली नाहीत, आणि विमान उतरले आहे हे संगणकाने मान्य करायला जवळजवळ ९ सेकंद घेतले. तोवर स्पॉयलर नाहीत, रिव्हर्स नाही. दोन माणसे गेली.

८ डिसेंबर २००५ ची शिकागोची गोष्ट मात्र मी तुमच्या प्रत्येक सभेत वाचून दाखवली असती. मिडवे विमानतळ, बर्फ, बोइंग ७३७. त्या वैमानिकांनी ऑटोब्रेक त्या दिवशी पहिल्यांदाच वापरला. विमान टेकल्यावर रिव्हर्स उघडायला १८ सेकंद गेले. तपास यंत्रणेने म्हटले, की नव्या ऑटोब्रेककडे लक्ष लागल्यामुळे रिव्हर्सकडे दुर्लक्ष झाले. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. विमानातला एकही प्रवासी दगावला नाही. जो गेला त्याने तिकीटच काढले नव्हते.

कोरड्या धावपट्टीवर ऑटोब्रेक चालू असताना रिव्हर्स कमी लावला तरी अंतर फारसे वाढत नाही, कारण ठरलेले मंदन गाठायला ब्रेक तेवढा जास्त काम करतो. निसरड्या धावपट्टीवर ब्रेककडे जास्तीचे द्यायला काही उरलेलेच नसते. तिथे रिव्हर्स हा असा जोर आहे जो जमिनीकडे भीक मागत नाही. आणि एकदा रिव्हर्स उघडला की पुन्हा उडायचे नाही, हा नियम. म्हणजे टेकण्याच्या त्या क्षणी दोन वाटा असतात, आणि एक निवडली की दुसरी बंद होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तुमच्या भाषेची. परत फिरलेल्या विमानाला तुम्ही ‘गैरसोय’ म्हणता. विलंबाच्या नोंदीत तो विलंब, इंधनाच्या नोंदीत तो जास्तीचा खर्च, प्रवाशाच्या मोबाइलवर तो अपराध. कागदावर गो अराउंडसाठी पायलटला शिक्षा नसते, हे मला माहीत आहे. पण ज्या गोष्टीबद्दल कंपनी स्वतः १८० प्रवाशांची माफी मागते, ती गोष्ट अभिमानाने करायला कोणत्या पायलटला सांगता येईल? मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना दोष देत नाही मी. त्यांना कोणी समजावलेच नव्हते. कॅप्टनने वर गेल्यावर दोन मिनिटांत माइकवर सांगितले असते, की धावपट्टीवर पाणी जास्त आहे, मी थांबतो आहे, तर निम्मा आरडाओरडा तिथेच शमला असता.

दुसरी काटकसरीची. २३ सप्टेंबर १९९९ ला बँकॉकमध्ये एक ७४७ पावसात धावपट्टीच्या पुढे गेले. कॅप्टनने परत उडायचे ठरवले आणि टेकल्यावर विचार बदलला. त्या गोंधळात रिव्हर्स उघडलाच गेला नाही. जीव कोणाचा गेला नाही. पण तपासात एक गोष्ट पुढे आली : कमी फ्लॅप, म्हणजे पंखामागचे पत्रे कमी उघडून, आणि नुसत्या आयडल रिव्हर्सवर, म्हणजे इंजिनाचा जोर न वाढवता, उतरायची पद्धत त्या कंपनीने काही वर्षांपूर्वी खर्च वाचवण्यासाठी रुळवली होती, आणि अशा पाण्याने भरलेल्या धावपट्टीसाठी ती सवय धोक्याची ठरली. आपल्याकडेही आयडल रिव्हर्स पुरे, इंधन वाचवा, आवाज कमी करा, लवकरच्या फाट्यावरून बाहेर पडा, मागे दुसरे विमान आहे, असे सगळे वर्षभर कानावर पडत असते. मे महिन्यात ठीक आहे. पण आठ महिने अंगात भिनलेली सवय जूनच्या पहिल्या सरीत एका परिपत्रकाने जाते का? माझी चाळिशीनंतरची स्कूटर चालवण्याची सवय नाही गेली. पहिल्या पावसात फोंडा-पणजी रस्त्यावर मी दोनदा पडले आहे, दोन्ही वेळा त्याच वळणावर.

पहिल्या पावसाचेच पुढे सांगते, तिसरी तक्रार तीच. रस्त्यावर तेल आणि धूळ असते तशी धावपट्टीवर टायरच्या रबराची पुटे चढतात, नेमकी जिथे विमाने टेकतात तिथे. त्यावर पाण्याचा पातळ थर आला की ती शेवाळाची पायरी होते. म्हणून रबर खरवडायचे असते, घर्षण मोजायच्या गाडीने मोजायचे असते, पाणी निसटावे म्हणून आडव्या खाचा पाडायच्या असतात. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर २००७ च्या जुलैत १९९ माणसे गेली तेव्हा धावपट्टी नवी कोरी होती, फक्त खाचा अजून पाडलेल्या नव्हत्या. त्या अपघाताचे मुख्य कारण वेगळे होते : एका इंजिनाचा दांडा मागे घेतला गेला नाही, म्हणून स्पॉयलर उभेच राहिले नाहीत आणि ऑटोब्रेकही लागला नाही. पण आदल्या दिवशी तिथे आणखी एक लहान विमान घसरले होते, हेही खरे.

मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाला विचारले : अमुक धावपट्टीचे घर्षण शेवटचे कधी मोजले, किती आले, रबर कधी काढले? दोन महिन्यांनी उत्तर आले, की सदर माहिती सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. कोणाच्या सुरक्षेच्या, तेही लिहिले असते तर बरे झाले असते. शाळेच्या बसची ब्रेक तपासणी पालक विचारू शकतात. मग हे का नाही?

४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची एकसारखी पद्धत लागू झाली आहे. धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाला ० ते ६ असा अंक द्यायचा. कोरडी ६. ओली, पण पाणी ३ मिलिमीटरपर्यंत, ५. ओली आणि निसरडी म्हणून जाहीर झालेली ३. पाणी ३ मिलिमीटरच्या वर साचले तर २. माझ्यासारखीला ही पद्धत एकदम पटली. पण बघा, ५ आणि २ यांच्यातला फरक आहे काही मिलिमीटर पाण्याचा, आणि आमचा पाऊस ते अंतर चहा निवायच्या आत कापतो. अंक सांगितला तेव्हा ५ होता आणि विमान टेकले तेव्हा २, हे मोपाला, पेडण्याच्या पठारावर, जुलैत नवल नव्हे. तेव्हा पायलटला मिळालेला अंक किती मिनिटांपूर्वीचा आहे हे अंकाइतकेच महत्त्वाचे. आणि त्याच्या आधी उतरलेल्या पायलटने ब्रेक कसा लागला हे सांगायला हवे, खरे सांगायला हवे. ‘ठीक होता’ हे उत्तर नव्हे.

हिशोबातली एक फट सांगून पुढे जाते. विमान निघण्यापूर्वी नियम कडक असतो : कोरड्या धावपट्टीवर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत विमान थांबले पाहिजे, ओल्यासाठी आणखी १५ टक्के जास्त लांबी हवी. आकाशात, प्रत्यक्ष उतरण्याआधीच्या हिशोबात मात्र वरची शिल्लक १५ टक्क्यांवर येते. पंधरा टक्के म्हणजे चार-पाच सेकंदांचे तरंगणे.

चौथी तक्रार सगळ्यात जड आहे, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

२२ मे २०१०, मंगळुरू. हवा स्वच्छ, धावपट्टी कोरडी. २,४५० मीटरच्या धावपट्टीवर विमान दीड हजार मीटरच्याही पुढे टेकले. को-पायलट परत उडा, परत उडा म्हणत होता. रिव्हर्स उघडल्यावर कॅप्टनने पुन्हा उडायचा प्रयत्न केला. १५८ माणसे गेली.

७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. पाऊस, पाठीमागून सुमारे १४ नॉटचा वारा. २,७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान १,३५० मीटरवर टेकले, म्हणजे बरोबर मध्यावर. को-पायलटने ‘गो अराउंड’ म्हटले होते. २१ माणसे गेली, त्यांत दोघेही वैमानिक. तपास अहवालाने म्हटले, की को-पायलटने सांगूनही विमान परत फिरले नाही आणि को-पायलटने ताबा घेतला नाही. कारणांत कॉकपिटमधली वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातली उतरंडही आहे. आणखी एक आकडा त्या अहवालात आहे : कोझिकोडला नेमलेल्या २६ फर्स्ट ऑफिसरना कॅप्टन एकच होता. दुसऱ्या दिवशीचे विमान न्यायचे म्हणून कॅप्टनला तिथेच उतरण्याची ओढ होती, असेही अहवाल म्हणतो. ती ओढ ब्रेकच्या पेडलवर उगवली नाही, वेळापत्रकात उगवली.

दहा वर्षांच्या अंतराने दोन कॉकपिट, दोन्हीकडे उजव्या खुर्चीतला माणूस बरोबर बोलला आणि डाव्या खुर्चीने ऐकले नाही. माझी मुलगी त्या उजव्या खुर्चीत बसते.

आणि तिला घडवले कोणी? मी. मोठ्यांना उलट बोलू नये, सरांचे वाक्य तोडू नये, सांगायचेच असेल तर विचारल्यासारखे सांगावे, हे मी तिला शिकवले. फोंड्यातल्या कुठल्याही घरात हेच शिकवतात. ती म्हणते, सिम्युलेटरमध्ये ‘गो अराउंड’ म्हणणे सोपे असते. खऱ्या विमानात शेजारी वडिलांच्या वयाचे कॅप्टन असतात, वीस वर्षे पावसात उतरलेले, ज्यांना ती दिवसभर ‘सर’ म्हणत आलेली असते. तिथे जिभेवर प्रश्न येतो : “सर, जरा लांब जातोय का आपण?” प्रश्नाला उत्तर देता येते, टाळता येते, “बघतो” म्हणता येते. त्या एका प्रश्नोत्तरात तीन सेकंद गेले, म्हणजे २१० मीटर. मी तिला आता घरी सांगते की मी शिकवलेले विसर. ती हसते. वयाच्या तिसाव्या वर्षी आईने अभ्यासक्रम बदलला म्हणून हसते बहुधा. पण संस्कार बदलायला आई पुरत नाही. समोरच्या ‘सरां’ना तुम्ही शिकवले पाहिजे, की उजवीकडून तो शब्द आला की चर्चा नाही, दांडे पुढे.

मुंबईची मुख्य धावपट्टी १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेल्या विमानाने भर पावसात ओलांडली, आणि ती काही दिवस बंद पडली. २१ जुलै २०२५ ला तिथेच कोचीहून आलेले विमान पावसात धावपट्टीबाहेर गेले. दोन्ही वेळा माणसे वाचली. म्हणून दोन्ही वेळा बातमी चार दिवसांत विरली.

माझ्या मागण्या अशा आहेत. गो अराउंडनंतर प्रवाशांना जाणारा माफीचा संदेश बंद करा. त्याऐवजी काय झाले आणि का, हे दोन ओळींत मराठीत, कोकणीत, हिंदीत कळवा. कूपन नको. धावपट्टीचे घर्षण आणि रबर काढल्याची तारीख मे ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला जाहीर करा. दाबोळीला धावपट्टी नौदलाची आणि टर्मिनल नागरी प्राधिकरणाचे, मोपाला खासगी चालक, तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी आपसांत ठरवून घ्या.

खाली यायला लागण्यापूर्वी वैमानिकांनी सध्याच्या अंकाबरोबरच खालच्या अंकांचाही हिशोब करावा आणि कुठल्या अंकाखाली उतरायचे नाही हे दोघांनी मोठ्याने बोलून ठरवावे. चांगले वैमानिक हे करतातच, पण ते चांगुलपणावर सोडू नका, नियमात लिहा. अंक ५ च्या खाली असेल तर पूर्ण रिव्हर्स, आणि इंधन, आवाज, लवकरचा फाटा यांतले काहीही त्या उतरण्याला लागू नाही, असे तुमच्या पुस्तिकेत स्पष्ट असावे. ठरलेल्या पट्ट्यात, म्हणजे पहिल्या ९०० मीटरांत किंवा पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, जे कमी असेल तिथवर, चाके टेकली नाहीत तर परत उडायचे. पावसात ठाम टेकल्याबद्दल, विमान बनवणाऱ्याच्या मर्यादेत असेल तर, कोणालाही खुलासा विचारू नका. तुमच्याकडे प्रत्येक उतरण्याची नोंद यंत्रात असते. जरा दणकून टेकलेल्या विमानाच्या पायलटला फोन जातो, तसा बाराशे मीटरवर अलगद टेकलेल्यालाही जाऊ दे.

शेवटची मागणी अशी : उजव्या खुर्चीतून ‘गो अराउंड’ किती वेळा आले आणि किती वेळा मानले गेले, याचा आकडा दर वर्षी जाहीर करा. नावे नकोत, विमान क्रमांक नकोत. फक्त दोन आकडे. मला त्यांतली वजाबाकी बघायची आहे.

उत्तर लेखी द्यावे, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी द्यावे. त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची आमची माणसे गोव्याकडे निघतात, विमाने भरलेली असतात, पाऊस अजून गेलेला नसतो आणि प्रत्येकाला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधायला वेळेवर घरी पोचायचे असते. कॅप्टनलाही घर असते. थोरलीची यंदा चवथीला ड्यूटी लागली आहे. माटोळी मी आणि धाकटा बांधू, तिने उशिरा आले तरी चालेल.

ते कूपन मी वापरलेले नाही. त्याची मुदत डिसेंबरपर्यंत आहे. कंपनीने ते परत घ्यावे.

आपली,
फोंड्यातील एक निवृत्त शिक्षिका